गाईंच्या धूनेची धास्ती
गाण्याने मन कसं हलतं, हे यंत्रं येण्याआधीही लोकांना चांगलं ठाऊक होतं.

स्वित्झर्लंडचे तरुण पूर्वी परक्या राजांच्या फौजेत पगारी शिपाई म्हणून जात आणि घरच्या ओढीने खंगत. 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझलमधल्या प्रबंधात या दुखण्याला 'नोस्टाल्जिया' हे नाव दिलं. माहेरच्या ओढीला रोग म्हणायचं, म्हणजे कमालच!

त्या शिपायांना सगळ्यात जास्त छळायची डोंगरात गाईंना बोलावण्याची धून. विचारवंत रूसोने 1768 च्या संगीतकोशात लिहिलं आहे की, ती फौजेत वाजवायला बंदी होती, शिक्षा थेट मृत्यूची. कारण ती ऐकून शिपाई रडत, पळून जात, मरतसुद्धा. पण परक्या माणसावर तिचा तसला काही परिणाम होत नाही, हेही त्याने नोंदवलं. त्याच्या मते सगळी करामत आठवणीची. मला हे अगदी पटतं. पाठवणीच्या वेळी सनई एकच वाजते. वराकडची मंडळी सामान मोजत असतात आणि मुलीच्या आईला समोरचं काही दिसत नसतं.