चिनी कलावस्तू आणि आपल्या शेजारची देवी

२०११ साली भारत आणि चीन या दोन देशांच्या पुरातत्त्व खात्यांनी मिळून ‘ट्रेझर्स ऑफ एन्शंट चायना’ या नावाचे प्रदर्शन भरविले होते. दिल्लीहून ते मुंबईस आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आले. हैदराबाद व कोलकाता येथील लोकांनाही ते पाहावयास मिळाले. आम्ही माझगावच्या काही जणी मुद्दाम वेळ काढून ते पाहून आलो. त्या निमित्ताने पुढे जे वाचले, जे ध्यानात आले, ते आपणां सर्वांसाठी येथे लिहीत आहे.

नवाश्मयुगातील मातीच्या भांड्यांपासून शेवटच्या चिंग राजवटीतील कलाकुसरीपर्यंत चीनचा हजारो वर्षांचा इतिहास त्या वस्तूंतून उलगडत होता. कांस्यपात्रे, जेड नावाच्या कठीण दगडाचे कोरीव काम, चिनी मातीची भांडी अशी ही संपदा. आम्ही बायका साहजिकच भांड्यांपाशी अधिक रेंगाळलो. आपण लोणच्याच्या बरणीला आणि चहाच्या कपाला ‘चिनी मातीचा’ म्हणतो, ते नाव उगीच पडलेले नाही. चीनमधील जिंगदेझेन गावाजवळच्या टेकडीत सापडणारी पांढरी माती सुमारे तेराशे अंशांच्या आचेवर भाजली की भांडे काचेसारखे गुळगुळीत होते आणि टिचकी मारल्यास खणखणीत वाजते. चौदाव्या शतकात या भांड्यांवर निळी नक्षी येऊ लागली. त्या निळ्या रंगाचे द्रव्य इराणकडून येई. अस्सल चिनी म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यातही असा परदेशचा हात असतो!

हे प्रदर्शन थोड्या दिवसांचे होते. परंतु ज्यांचे पाहणे राहून गेले त्यांनी हळहळू नये. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या बंधूंनी जमविलेल्या चिनी कलावस्तू याच संग्रहालयात कायमच्या आहेत. मुंबईचा चीनशी संबंध फार जुना. येथून कापूस आणि अफू भरून गलबते चीनला जात व परत येताना रेशीम, चहा, चिनी भांडी आणीत. त्या अफूने चीनमधील किती घरे उद्ध्वस्त केली, हेही विसरून चालणार नाही. आपल्यापैकी अनेकींची मुले ज्या जे. जे. रुग्णालयात जन्मली, ते १८४५ साली सुरू झाले. त्यासाठी मोठी देणगी देणारे सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती याच चीनच्या व्यापारातली होती.

वस्तूंप्रमाणे देवदेवताही प्रवास करतात. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत अवलोकितेश्वराच्या मूर्ती आहेत. हा बौद्धांचा करुणेचा देव. आठ महाभयांतून तो तारतो अशी श्रद्धा होती, आणि त्यांतले एक भय बुडत्या जहाजाचे. समुद्रावर जाणाऱ्या व्यापाऱ्यांना तो जवळचा वाटला यात नवल नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान हा चिनी यात्रेकरू सिंहलद्वीपाहून जहाजाने परत निघाला असता वादळात सापडला. भार हलका करण्यासाठी त्याने आपला तांब्या आणि हातपाय धुण्याचे भांडेसुद्धा समुद्रात टाकले, पण भारतातून नेलेले ग्रंथ व मूर्ती मात्र टाकल्या नाहीत. त्या संकटात त्याने धावा केला तो याच देवाचा. चीनमध्ये त्याचे नाव ग्वानयिन, म्हणजे जगाचा आक्रोश ऐकणारा.

पुढे शेकडो वर्षांत एक विलक्षण बदल घडला. चिनी लोकांनी या देवाला हळूहळू स्त्रीरूप दिले. शुभ्र वस्त्रातली, शांत मुद्रेची ही देवी संततीसाठी, आजारासाठी, प्रवासाला गेलेल्या माणसासाठी घरोघरच्या बायका पुजू लागल्या. जो आपले रडणे ऐकतो तो आईसारखाच असणार, असे त्या बायकांना वाटले असावे. दुसरे कारण शोधण्याची मला तरी गरज वाटत नाही.

आणि ही देवी आज आहे कोठे? आपल्या माझगावात! नवाब टँक रोडवरील लाल रंगाचे चिनी देऊळ आपण सगळ्याच जाता-येता पाहतो. ‘सी यप कून’ हे त्याचे नाव. ‘सी यप’ म्हणजे कँटनकडील चार परगणे. गोदीच्या आसऱ्याने येथे आलेल्या तिकडच्या लोकांनी १९१९ साली ते उभारले. वर न्यायप्रिय वीर ग्वान गाँग आणि खाली ग्वानयिन. भारतातून देव होऊन गेलेली ही मूर्ती देवी होऊन परत आली, आणि बोटीवरच्या गरीब माणसांनी तिला परत आणले.

या भागात एके काळी चिनी लोकांची चांगली वस्ती होती. कोणी जोडे करीत, कोणी दात बसवीत, कोणी खानावळ चालवीत. बायकांनी केशरचनेची दुकाने थाटली. १९६२ च्या युद्धानंतर चित्र पालटले. आसाम-बंगालकडील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांत म्हातारी माणसे व मुलेही होती. मुंबईतल्याही अनेक कुटुंबांनी देश सोडला. लढाई सीमेवर झाली आणि बिऱ्हाडे मोडली ती शेजारची.

संग्रहालयातील भांड्याला तडा जाऊ नये म्हणून काचेची पेटी असते, पहारा असतो. शेजाराला अशी पेटी नसते. तो माणसांनीच जपावा लागतो. चिनी नववर्षाला त्या देवळात दिवे लागतात, उदबत्त्या दरवळतात, तेथील मोजकी राहिलेली मंडळी एकत्र येतात. कोटातल्या संग्रहालयापर्यंत आपण हौसेने जातो. येत्या नववर्षाला चार पावलांवरच्या या देवळात हळदीकुंकवाला जावे तशा आपणही जाऊ या, आणि तेथील शेजारणींची विचारपूस करून येऊ या.