जुन्या पिकअप ट्रकची चॅसिस-अदलाबदल

चॅसिस-अदलाबदल म्हणजे जुन्या मोटारीची केबिन, बॉनेट, मडगार्ड आणि हौदा हे भाग मूळ चॅसिसवरून उतरवून नंतरच्या काळातील दुसऱ्या गाडीच्या चालत्या चॅसिसवर बसवण्याची पद्धत होय. अमेरिकेत १९४० ते १९७० या दशकांतील पिकअप ट्रकांच्या बाबतीत ती विशेष प्रचलित असून हे काम प्रामुख्याने हौशी मंडळी घरच्या गॅरेजमध्ये करतात. शेवरोलेच्या 'ॲडव्हान्स-डिझाइन' मालिकेतील (१९४७–१९५५) ३१०० हा अर्ध्या टनाचा ट्रक आणि त्याच कंपनीच्या एस-१० या लहान पिकअपची (१९८२–२००४) चॅसिस ही या पद्धतीतील सर्वपरिचित जोडी आहे. या लेखातील मापे मुख्यतः याच जोडीची आहेत.

वरवर पाहता हे काम म्हणजे एक सांगाडा काढून दुसरा घालणे एवढेच वाटते. वास्तविक या पद्धतीने अडचण नाहीशी होत नाही, ती केवळ जागा बदलते. जुने सुटे भाग शोधण्याचे कष्ट वाचतात. त्याऐवजी सुमारे चाळीस वर्षांच्या अंतराने घडवलेली दोन यंत्रे एकमेकांशी जुळवण्याचे कष्ट पदरी येतात.

संज्ञा

ज्या गाडीची चॅसिस घ्यायची तिला 'डोनर' गाडी म्हणतात. चॅसिसला मराठी गॅरेजांत सर्रास 'चासी' म्हटले जाते. जुने रूप राखून आतील यंत्रणा नवी घातलेल्या वाहनास 'रेस्टोमॉड' अशी संज्ञा आहे. 'जीर्णोद्धार' हा शब्द या कामास वापरलेला आढळतो, परंतु तो काटेकोर नाही. जीर्णोद्धारात मूळ वास्तू तिच्याच पायावर पुन्हा उभी राहते. येथे पायाच बदलला जातो.

पार्श्वभूमी

ॲडव्हान्स-डिझाइन ट्रक १९४७ च्या मध्यावर बाजारात आले आणि १९५५ च्या मार्चमध्ये 'टास्क फोर्स' मालिकेने त्यांची जागा घेतली. शेतमाल, दुधाचे डबे आणि हत्यारे यांची गावातल्या गावात वाहतूक करणे हे त्यांचे नित्याचे काम. अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांचा कायदा १९५६ चा. म्हणजे हे ट्रक त्या रस्त्यांच्या आधीचे. पुढे अखंड लोखंडी आस, चारही कोपऱ्यांवर पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ६ व्होल्टची विद्युतयोजना अशी त्यांची रचना होती. २१६ घनइंचांचे सहा सिलिंडरी इंजिन सुमारे ९० अश्वशक्ती देई. मागच्या आसातील गिअरांचे ४.११ : १ हे प्रमाण ओझे ओढण्यासाठी योग्य असले तरी ताशी ८० किलोमीटरच्या आसपास इंजिनाची ओढाताण होऊ लागते. गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा दांडा बंद नळीत असल्यामुळे केवळ गिअरबॉक्स किंवा केवळ मागचा आस बदलणेही सोपे नाही.

ब्रेकची मर्यादा अधिक गंभीर आहे. मुख्य सिलिंडर एकपदरी असल्याने एक नळी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. दुपदरी सिलिंडर अमेरिकेत १९६७ नंतर सार्वत्रिक झाला. स्टिअरिंगचा दांडाही चालकाच्या छातीपासून थेट पुढच्या स्टिअरिंग पेटीपर्यंत एकसंध आहे. समोरून धडक बसल्यास तो मागे ढकलला जातो. आपटल्यावर आत दबणारे स्टिअरिंग जनरल मोटर्सने १९६७ च्या मोटारींत आणले. अदलाबदल करणाऱ्यांचा हेतू केवळ वेगाचा असतो असे मानणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल.

डोनर गाडीची निवड

निवडीचा पहिला निकष व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर, हा आहे. ३१०० चा व्हीलबेस ११६ इंच (सुमारे २९५ सेंमी) आहे. एस-१० चा आखूड हौद्याच्या गाडीत १०८.३ इंच, लांब हौद्याच्या गाडीत ११७.९ इंच आणि वाढीव केबिनच्या गाडीत १२२.९ इंच असतो. लांब हौद्याची चॅसिस सर्वांत जवळची. फरक दोन इंचांहूनही कमी. वाढीव केबिनची चॅसिस सुमारे सात इंच कापून जोडणारेही आहेत. आखूड चॅसिस लांबवण्यापेक्षा लांब चॅसिस आखूड करणे बरे, कारण त्यात बाहेरून नवा तुकडा घालावा लागत नाही.

दुसरा निकष रुंदीचा, आणि येथे एस-१० कमी पडते. मागील चाकांवर चालणाऱ्या एस-१० चे आस जुन्या ट्रकच्या आसांपेक्षा अरुंद आहेत. त्यामुळे चाके मडगार्डच्या आत दडलेली दिसतात आणि ट्रक अंगापेक्षा लहान पादत्राणे घातल्यासारखा भासतो. उपाय म्हणून मागे चारचाकी चालनेच्या एस-१० चा अधिक रुंद आस बसवतात, तर पुढे चाक बाहेर आणणाऱ्या रिम वापरतात. जुन्या ट्रकच्या चाकांना साडेपाच इंची वर्तुळावर सहा बोल्ट असतात, तर एस-१० ला पावणेपाच इंची वर्तुळावर पाच. त्यामुळे मूळ रिम थेट बसत नाहीत.

फोर्डच्या एफ-१०० ट्रकांसाठी क्राउन व्हिक्टोरिया ही मोटार निवडली जाते. २०११ पर्यंत तयार होणारी ही गाडी वेगळ्या चॅसिसवर बांधलेली असून पोलिसांनी व टॅक्सीचालकांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरल्याने सहज मिळते. २००३ पासून तिच्या पुढच्या चाकांची संपूर्ण यंत्रणा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बोल्टने जोडलेली असल्यामुळे पुष्कळ जण सबंध चॅसिसऐवजी तेवढीच चौकट उचलतात. ती रुंद असल्याने १९६० व १९७० च्या दशकांतील एफ-१०० ला शोभते. १९५३–५६ च्या अरुंद मडगार्डांखाली मात्र अडचण होते.

डोनर गाडी चालू स्थितीत घ्यावी, असे अनुभवी कारागीर सांगतात. चालवून पाहिलेल्या गाडीचे दोष आधीच कळतात. उभ्या गाडीचे दोष सगळे काम झाल्यावर कळतात.

मोजमाप

सबंध कामातील हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक टप्पा आहे. जुना ट्रक सुटा करण्यापूर्वी तो सपाट फरशीवर, चारही बाजूंनी पाणसळीत उभा करतात. मग गवंड्याचा ओळंबा घेऊन पुढच्या व मागच्या आसांचे मध्य, केबिनचे चार आधार, रेडिएटरचा आधार आणि हौद्याचे टोक यांच्या खुणा जमिनीवर उतरवतात. जमिनीपासून मडगार्डच्या कमानीची, दाराच्या उंबऱ्याची आणि हौद्याच्या काठाची उंचीही नोंदवतात. डोनर चॅसिसची अशीच नोंद घेऊन तिचे कर्ण मोजले जातात. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर ती चॅसिस कधीतरी अपघातात वाकलेली आहे असे समजून बाजूला ठेवावी.

पुढचे चाक मडगार्डच्या कमानीच्या बरोबर मध्यावर येणे ही पहिली अट. ते स्थान ठरले की रेडिएटर, केबिन व हौदा यांची स्थाने आपोआप ठरतात, आणि इंजिन केबिनच्या पुढच्या भिंतीला टेकते की नाही हेही तेव्हाच कळते. चाकाचे स्थान अर्धा इंच चुकले तर ते रंगकामानंतरही रस्त्यावरच्या कोणाच्याही नजरेत भरते. वेल्डिंगच्या टाक्याची चूक घासून पुन्हा सुधारता येते. मापाची चूक पुढच्या प्रत्येक भागात उतरत जाते.

चॅसिस कापून जोडायची असल्यास जोड सरळ उभा न ठेवता पायरीसारखा घेतात आणि आतून किंवा बाहेरून निमुळत्या टोकांची पट्टी लावतात, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येत नाही. पट्ट्यांच्या वरच्या व खालच्या कडांना भोके पाडणे टाळतात. चॅसिसची वाकण्यास विरोध करण्याची ताकद तेथेच असते. हौशी माणसाने हा एक जोड तरी कसबी वेल्डरकडून करून घेणे इष्ट होय.

केबिन आणि हौदा

केबिन उचलण्यापूर्वी तिच्या दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी गज तात्पुरते वेल्ड करतात. गंजलेल्या केबिनचा तळ कापला की चौकट पसरते आणि मग दारे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. या ट्रकांत गंज मुख्यतः केबिनचे मागचे खालचे कोपरे, उंबरे आणि पायांखालचा पत्रा येथे लागतो. हे पत्रे नवे तयार मिळतात. ते बसवण्याचे काम केबिन जुन्या चॅसिसवर असतानाच उरकावे की नव्या, यावर मतभेद आहेत. जुन्या चॅसिसवर दारांच्या फटी जुळवून घेण्यास आयता आधार मिळतो, म्हणून पहिला मार्ग अधिक सुरक्षित वाटतो.

मूळ रचनेत चॅसिस रस्त्यावर पिळवटत असे आणि केबिनला तो पीळ बसू नये म्हणून तिचे मागचे आधार हलत्या कड्यांचे होते. नव्या चॅसिसवर घरी बनवलेले कंस आणि रबरी गट्टू वापरतात. केबिन थेट चॅसिसला वेल्ड करण्याचा मोह काहींना होतो. तसे केल्यास पत्र्याला तडे जातात.

एस-१० ची चॅसिस मागच्या आसावर कमानीसारखी वर उचललेली असल्याने हौद्याचा तळ काही इंच वर घ्यावा लागतो. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा आणि मधल्या लोखंडी पट्ट्यांचा असल्यामुळे हे काम सुतारकामात निभावते.

स्टिअरिंग आणि ब्रेक

स्टिअरिंगचा दांडा नव्या पेटीशी जुळवण्यासाठी फिरते सांधे वापरतात. दोन सांध्यांनी काम भागले तर उत्तम; तिसरा सांधा घातल्यास मधल्या दांड्याला आधाराचे बेअरिंग अनिवार्य आहे, अन्यथा दांडा फिरण्याऐवजी डोलू लागतो.

जुन्या ट्रकचे पायदळ, म्हणजे ब्रेक व क्लचचे पेडल, फरशीतून वर आलेले असते आणि मुख्य सिलिंडर फरशीखाली असतो. ही जागा कायम ठेवल्यास सिलिंडर चाकांवरील ब्रेकच्या पातळीखाली जातो आणि तेल हळूहळू मागे वाहून येते. परिणामी पहिल्या दाबाला पेडल पोकळ लागते. त्यासाठी नळीत दाब राखणारी झडप बसवतात: डिस्क ब्रेकसाठी दर चौरस इंचाला २ पौंडांची आणि ड्रमसाठी १० पौंडांची. या दोहोंची अदलाबदल झाली तर डिस्क ब्रेक सतत घासत राहून तापतात. नळ्यांची तोंडे दुहेरी दुमडीची असावीत. नळकामातील दाबजोड ब्रेकला कदापि वापरू नयेत.

गिअरबॉक्समधून निघणारा दांडा आणि मागच्या आसाचे तोंड एकमेकांना समांतर असावे लागते आणि प्रत्येक सांध्याचा कोन साधारण १ ते ३ अंश ठेवतात. कोन चुकला तर विशिष्ट वेगाला थरथर सुटते.

वीज आणि इंधन

६ व्होल्टचे दिवे, पंख्याची मोटर व मापके १२ व्होल्टवर जळतात. ती बदलणे भाग असते. इंधनमापक विशेष फसवे आहे. जुन्या शेवरोलेच्या टाकीतील यंत्रणा ० ते ३० ओहम प्रतिरोधावर चालते, एस-१० ची ० ते ९० वर. जुने मापक नव्या टाकीला जोडल्यास टाकी अर्धी रिकामी झाली तरी काटा 'पूर्ण'वरच राहतो. बहुतेक ॲडव्हान्स-डिझाइन ट्रकांत टाकी केबिनमध्येच आसनामागे असे. ती काढून चॅसिसवर मागे टाकी बसवणे हा या अदलाबदलीचा निर्विवाद लाभ आहे.

घरच्या गॅरेजमधील दक्षता

जुन्या रंगात शिसे आणि जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरून कोरडे घासकाम व हवेच्या झोताने सफाई टाळतात. वेल्डिंगपूर्वी टाकी उतरवून इमारतीबाहेर नेतात आणि बॅटरी सोडवतात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हा नियम जाणत्यांकडूनच अधिक मोडला जातो.

पर्याय आणि आक्षेप

मूळ चॅसिस चांगली असल्यास ती ठेवूनच पुढे डिस्क ब्रेक, दुपदरी सिलिंडर आणि उघड्या दांड्याचा मागचा आस बसवता येतो. फोर्ड मस्टँग-२ च्या (१९७४–७८) धर्तीवरील पुढची यंत्रणाही जुन्या चॅसिसला जोडतात. जुन्या ट्रकसाठी नव्याने घडवलेल्या तयार चॅसिसही मिळतात. त्या महाग असतात, पण त्यांवर केबिनचे आधार योग्य जागी असल्याने मोजमापाचा मोठा भाग वाचतो.

मूळपणाचे आग्रही संग्राहक अदलाबदलीला विरोध करतात. त्यांच्या मते अशा कामात दोन गाड्या खर्ची पडून एक निर्माण होते आणि ती दोन्हींपैकी कोणतीच नसते. गंजाने खाल्लेल्या केबिनबद्दल हा आक्षेप फारसा टिकत नाही. सुस्थितीतील, सर्व मूळ भाग असलेल्या ट्रकबद्दल तो पूर्णपणे रास्त आहे. जुनी चॅसिस भंगारात न घालता तिच्या क्रमांकांसह जपून ठेवण्याची प्रथा काही जण पाळतात, म्हणजे पुढील मालकाला परतीचा मार्ग राहतो.

कायदेशीर बाजू

अदलाबदलीनंतर गाडी कोणती मानायची, जुनी की डोनर, हा प्रश्न तांत्रिक नसून कायद्याचा आहे. ॲडव्हान्स-डिझाइन ट्रकची क्रमांकपट्टी केबिनच्या दाराच्या खांबावर असते, म्हणून ती केबिनसोबत नव्या चॅसिसवर जाते. १९८१ पासून १७ अंकाक्षरी क्रमांक रूढ झाला. वाहनाचा क्रमांक बदलणे किंवा खोडणे हा अमेरिकेत संघराज्यीय कायद्याने गुन्हा आहे. नोंदणीचे नियम मात्र राज्यागणिक भिन्न असून काही ठिकाणी असे वाहन 'पुनर्रचित' म्हणून नोंदवावे लागते. डोनर गाडीचे मालकीपत्र व खरेदीच्या पावत्या जपणे त्यामुळे आवश्यक ठरते. हे सर्व चॅसिसला पहिला छेद देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

भारतात जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ या काळात मुंबईतील शिवडी येथे शेवरोले वाहनांची जुळणी केली. येथील जुन्या ट्रकमालकांना मात्र अमेरिकेतील मोकळीक नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कायम केली. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकींना 'विंटेज' नोंदणी मिळते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात आणि प्रथम नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असणे आणि त्याच्या चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसणे ही अट असल्याने, चॅसिस बदललेला ट्रक या नोंदणीस पात्र ठरत नाही.