लाल मातीचं गाव कुठे गेलं?

सॅम्युएल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ तुमच्यापैकी काहींना अभ्यासाला असेल. एक रस्ता, एक झाड, वाट बघणारी दोन माणसं आणि न येणारा गोदो. हे ‘ॲब्सर्ड’ नाटक आहे, त्यात स्थळ-काळ नसतो, अर्थ शोधू नका, असं वर्गात हमखास सांगतात. मीही परीक्षेत तेच लिहून मार्क मिळवले होते.

पण हे लेबल रूढ झालं ते मार्टिन एस्लिनच्या १९६१ सालच्या पुस्तकामुळे. नाटक त्याआधी आठ वर्षं रंगमंचावर होतं. म्हणून आज लेबल बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर फक्त चार-पाच ओळी वाचा. क्लोज रीडिंग म्हणजे एवढंच: ‘याचा अर्थ काय’ हे नंतर, ‘नेमकं लिहिलंय काय’ हे आधी.

दुसरा अंक काढा. व्लादिमिर एस्त्रागोनला आठवण करून देतो, की आपण दोघांनी एकदा द्राक्षं तोडायचं काम केलं होतं. कोणाकडे? त्याला मालकाचं नाव आठवत नाही, गावाचंही नाही. तो चुटकी वाजवतो, तरी आठवत नाही. विसराळू आहेत बिचारे, असं म्हणून आपण पान उलटतो.

थांबा. हे झालं इंग्रजी. बेकेट आयरिश असला तरी नाटक त्यानं १९४८-४९ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलं. पहिला प्रयोग पॅरिसला, जानेवारी १९५३. इंग्रजी भाषांतर त्यानं स्वतःच केलं, ते १९५४ मध्ये छापून आलं. आणि फ्रेंचमध्ये व्लादिमिरला सगळं आठवतं: वोक्लूझ जिल्हा, रूसियाँ गाव, बोनेली नावाचा मळेवाला.

ही नावं कल्पनेतली नाहीत. जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर बेकेट भूमिगत चळवळीच्या एका गटात काम करत होता. ऑगस्ट १९४२ मध्ये फितुरी झाली आणि धरपकड सुरू झाली. त्याला गटात आणणारा मित्र आल्फ्रेद पेरों पकडला गेला. १९४५ मध्ये छळछावणीतून सुटला, पण घरी पोचण्याआधीच वारला. बेकेट आणि त्याची जोडीदार सुझान निसटले आणि लपले ते याच रूसियाँ गावात. तिथे तो शेतकऱ्यांकडे राबायचा, त्याच्या बदल्यात खायला मिळायचं. बोनेली त्यांच्यापैकीच एक.

आता पुढची ओळ. व्लादिमिर म्हणतो, तिकडे तर सगळं लाल आहे! रूसियाँची माती खरंच गेरूसारखी लाल आहे. इंग्रजीत मालकाचं आणि गावाचं नाव गेलं, जिल्ह्याच्या जागी दुसराच मुलूख आला. पण ही लाल रंगाची ओळ दोन्हीकडे आहे. आणखी एक: हस्तलिखितात एस्त्रागोनचं नाव आधी लेव्ही होतं, म्हणजे ज्यू नाव. रात्री खड्ड्यात झोपणारा आणि कोणाकडून तरी मार खाणारा माणूस तो हाच.

म्हणजे हे युद्धाचं नाटक आहे का? एवढी उडी मारू नका, पुरावा तिथवर नेत नाही. बेकेटनं ही नावं का काढली, हेही या ओळी सांगत नाहीत. एवढं मात्र दिसतं, की ही जागा मुळात रिकामी नव्हती, ती रिकामी केली गेली. ‘अर्थच नाही’ म्हटलं की एस्त्रागोनला कोण मारतं, हा प्रश्नही आपण विचारत नाही.

हे वाचन तुम्हाला जमेल, कारण तुम्ही दोन भाषांत राहता. आजीची गोष्ट मराठीत सांगताना गावाचं, ओढ्याचं, शेजारणीचं नाव येतं. तीच मित्रांना इंग्रजीत सांगताना आपण ‘पुण्याजवळ कुठेतरी’ म्हणून मोकळे होतो. पुढच्या वेळी सांगाल तेव्हा कुठली नावं गळली, ते बघा. आणि आजी असेपर्यंत ती विचारून लिहून ठेवा.