बटण दाबलं, पण टप हललाच नाही: गाडीच्या घडीच्या छताची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी या भागाचं हे लिखित रूप.

आजचा प्रश्न साधा आहे. एक जुनी, उघड्या टपाची मोटार आहे. टप बटणावर वर-खाली होतो. बॅटरी उतरलीय आणि आभाळ भरून आलंय. आता टप लावायचा कसा? उत्तर चार-पाच ओळींचंच आहे, पण ते असं का आहे हे कळायचं तर थोडं मागं जावं लागतं. थेट घोडागाडीपर्यंत.

मुंबईची व्हिक्टोरिया आठवा. मागच्या बाजूला लोखंडी कमानी, त्यांवर ताणून बसवलेला टप, आणि दोन्ही बाजूंना दुमडणारी लोखंडी पट्टी. या पट्टीत खरी गंमत आहे. तिच्या मध्यावर गुडघ्यासारखा सांधा असतो. सांधा सरळ झाला की आणखी किंचित पुढं दाबायचा. मग टपाचा ताणच त्याला जागेवर धरून ठेवतो. मोडायचा असेल तर हातानं उलटा दाबायचा. स्प्रिंग नाही, मोटर नाही. बाबागाडीच्या टपातही बहुतेक हाच सांधा असतो. मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ साली शहरातल्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि २०२१ मध्ये त्याच धाटणीच्या बॅटरीवरच्या बग्ग्या रस्त्यावर आल्या. घोडा गेला, बॅटरी आली. पण टपाचा सांधा त्याच्या कितीतरी आधी मोटारीत जाऊन बसला होता.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे बिनघोड्याच्या बग्ग्याच होत्या, त्यामुळं बहुतेक उघड्याच. अमेरिकेत १९२० च्या दशकात बंद छताच्या गाड्या स्वस्त झाल्या आणि उघडी गाडी गरजेची न राहता हौसेची झाली. आता हौसेसाठी पैसे मोजणाऱ्या माणसाला भर पावसात उतरून कमानी ओढायला कोण सांगणार? मग टपाला यंत्र जोडायचे प्रयत्न सुरू झाले.

यातलं एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे: जॉर्ज पोलाँ. फ्रान्समधला हा माणूस पेशानं दंतवैद्य. त्यानं मोटारीचं अख्खं पोलादी छत मागच्या डिकीत सरकवायची युक्ती काढून तिचं पेटंट घेतलं. १९३४ च्या सुमारास पेझोच्या गाड्यांवर हे छत विजेच्या मोटरवर चालू लागलं. लोक थक्क झाले. आणि पुढं काय झालं? १९३६ मध्ये पेझोनं लांब सांगाड्यावरची नवी आवृत्ती आणली, तिचं छत हातानं चालवायचं होतं! म्हणजे विजेवरचं छत बाजारात आलं आणि दोनेक वर्षांत परत माणसाच्या हातात गेलं. पोलाँ मात्र पुढचा जमाना पाहू शकला नाही. दुसऱ्या महायुद्धात तो नाझींविरुद्ध गुप्तपणे काम करत होता. १९४२ साली त्याला गोळ्या घालून मारलं.

अमेरिकेत १९३९ च्या प्लिमथ गाडीत दुसरी वाट निघाली. चालू इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीवरच टप उचलायचा. इथं टप उचलायला विजेची मोटर नको होती, पण इंजिन चालू हवं होतं. युद्धानंतर तेलाचा जमाना आला: विजेच्या मोटरवर पंप फिरतो, पंप तेलाला दाब देतो आणि दोन बाजूंचे दोन दांडे टप उचलतात. १९५७ ची फोर्ड स्कायलायनर तर कहरच होती. पोलादी छत डिकीत घालायला सात मोटरी आणि जवळजवळ १८५ मीटर तारा! मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. इतक्या दुव्यांची साखळी बघितली की पहिला प्रश्न डोक्यात येतो: यातला एक दुवा तुटला तर?

याच काळात आपल्याकडं काय होतं? जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डनं सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. कॅनव्हासचा टप, लोखंडी कमानी, पट्टे आणि बक्कल. समोरची काचसुद्धा बॉनेटवर आडवी पडायची. हौस म्हणून नव्हे. गाडी बुटकी झाली की शत्रूला कमी दिसते आणि जहाजात कमी जागा खाते. १९४७ पासून महिंद्रानं ही जीप भारतात आणली आणि तिची वंशावळ पार कमांडरपर्यंत चालत आली.

आमचं चौसाळा धुळे-सोलापूर महामार्गावर, बीड आणि धाराशिवच्या मधे. मराठवाड्यात या कमांडरला काळी-पिवळी म्हणूनच ओळखलं जातं. पाऊस आला की ड्रायव्हर ओरडायचा, "पडदे सोडा रे!" आणि ज्याच्या हाताशी पट्टा तो सोडायचा. गाडी धक्क्यावर सुरू झालेली का असेना, टपाला बॅटरीशी काही देणंघेणं नव्हतं.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. जीपचा टप आणि बटणाचा टप यांत खरा फरक असा आहे, की जीपमध्ये हात आणि कमान यांच्या मधे कुणी नाही. बटणाच्या गाडीत आहे, आणि वीज गेल्यावर तो बाजूला होत नाही. नळ्यांत अडकलेलं तेल टपाला धरून बसतं. मग लोक जोर लावतात, एका बाजूनं ओढतात आणि सांगाडा वाकवून ठेवतात. वीज नसताना टप चालवायचा म्हणजे आधी यंत्राची पकड सोडवायची. ताकद त्यानंतर.

ते असं. गाडी सपाट जागी उभी करा, चावी काढा. खिडक्यांच्या काचा खाली असल्या तर उत्तम. टपाच्या कड्या उघडा. मग पंप शोधा. तो बहुधा डिकीत किंवा मागच्या सीटमागं असतो. अनेक गाड्यांत त्यावर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलाय तेवढाच तो ढिला करा, पूर्ण काढू नका. आता तेलाला इकडून तिकडं जायला वाट मिळाली. दोन माणसं दोन बाजूंना उभी करा आणि टप एकाच वेगानं, सावकाश उचला. मधेच सोडू नका, आणि सांध्यांत बोटं घालू नका. टप बसला की कड्या लावा, व्हॉल्व्ह परत बंद करा. काही जुन्या गाड्यांत हा व्हॉल्व्हच नसतो. तिथं जाणकार मेकॅनिककडून तेलाची नळी ढिली करून घेणं बरं. आणि एक: कापडी टप ओला असताना घडी घालून ठेवू नका, बुरशी धरते.

हे इतक्या बारकाईनं सांगायचं कारण आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यात गाडी मूळ रूपात असणं, तिच्यात मोठे फेरफार नसणं याला महत्त्व आहे. अशा गाडीची वाकलेली कमान दुकानात मिळत नाही. ती ठोकून सरळ करणारा आणि टप शिवणारा कारागीर शोधावा लागतो, आणि असे हात कमी होत चाललेत.

पंपावरचा तो बोटभर व्हॉल्व्ह मला फार आवडतो. तो बसवणाऱ्या इंजिनिअरनं मनाशी कबूल केलं होतं, की आपलं यंत्र एक दिवस बंद पडणार आणि त्या दिवशी माणसाला आत यायला दार हवं. पोलाँच्या छताला ते दार दोन वर्षांत द्यावं लागलं. जीपला ते पहिल्यापासून उघडंच होतं.

तुमच्या भागात जीपचा टप शिवणारं कुणी अजून काम करत असेल, तर जरूर कळवा. त्यांच्याशी बोलून एक भाग करायचा विचार आहे. भेटू पुढच्या भागात.