बंदिवासातील पुराण

आम्ही राहतो ते गुडीहत्नूर नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव. राज्ये पालटली तरी ह्या सीमाभागातील घरांतून मराठी नाहीशी झाली नाही. राजाश्रयावाचून भाषा जगते, हे येथे पुस्तकात वाचावे लागत नाही. श्रद्धेचेही असेच असते काय, ह्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाची आठवण होते.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली वारला. मधली चाळीस वर्षे त्याने बहुतेक साष्टीत घालविली. त्याचे मराठी ओवीबद्ध पुराण १६१६ साली राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. कोंकणीतही त्याने ख्रिस्ती सिद्धांताची प्रश्नोत्तरी आणि व्याकरण लिहिले. तेव्हा दोन्ही भाषा त्याच्यावर सारखाच हक्क सांगू शकतात.

परंतु हे पुराण निर्मळ आनंदातून जन्मले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले आणि त्यामागून सत्तेने कठोर सूड घेतला. पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस काय देता? ह्या प्रश्नातील रिकामेपण स्टीफन्सला ऐकू आले, हा त्याचा मोठेपणा होय. ते रिकामेपण निर्माण करणाऱ्या सत्तेच्याच आश्रयाने तो लिहीत होता, हेही तितकेच खरे.

पुढे इन्क्विझिशन, दुष्काळ, करभार आणि लढाया ह्यांना कंटाळून अनेक ख्रिस्ती कुटुंबे गोवा सोडून दक्षिण कानडात गेली. जाताना त्यांनी हे पुराण बरोबर नेले. इकडे गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांत लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. फर्मानाने बोली गेली नाही.

१७८४ साली टिपू सुलतानाने कानडातील ख्रिस्ती लोकांना इंग्रजांस मदत केल्याच्या संशयावरून पकडून श्रीरंगपट्टणास नेले. त्यांची संख्या तीस हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत निरनिराळी सांगितली जाते. वकिलाने असल्या आकड्यांवर हात राखूनच बोलावे. मात्र चर्चे पाडली गेली, वाटेत आणि कैदेत असंख्य माणसे मेली आणि १७९९ साली टिपू पडल्यावरच उरलेल्यांची सुटका झाली, ह्याविषयी वाद नाही.

ह्या पंधरा वर्षांत त्यांना ना देऊळ होते ना सण. मंगळूरकडील परंपरा सांगते की, पाद्र्यांवाचून राहिलेल्या त्या लोकांची श्रद्धा ह्या पुराणाने जागी ठेवली. परंपरा म्हणजे न्यायालयातील साक्ष नव्हे. पण ती असंभाव्यही नाही. ओवी पाठ होते. पाठ झालेले पहारेकऱ्याला हिसकावून घेता येत नाही. आणि दुसऱ्या पुराणातील नायक कोण? स्वतः पकडला गेलेला, फटके खाल्लेला, आईच्या डोळ्यांदेखत मारला गेलेला. ज्याची मुले वाटेत मेली अशा माणसाला जयजयकार करणारा देव परका वाटला असता. रडणाऱ्या मरियेचा पुत्र परका वाटला नसेल. दुःखाचा अर्थ कळला म्हणून नव्हे, तर दुःखात देव आपल्याआधी जाऊन आला आहे, ह्या विश्वासाने त्यांना आशा मिळाली असावी, असे आम्हांस वाटते. ती आशा सुटकेची हमी देत नव्हती, आणि पुष्कळांची सुटका झालीही नाही.

पुराणाच्या पहिल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा ह्यांनी मंगळूरास जी आवृत्ती काढली, ती हस्तलिखितांवरून. म्हणजे सत्तेच्या आश्रयाने छापलेले ते नष्ट झाले आणि लोकांनी हाताने उतरून ठेवलेले ते टिकले. ज्यांची पुराणे काढून घेतली त्यांच्या प्रश्नातून हे पुराण निघाले, आणि ज्यांचे सर्वस्व काढून घेतले त्यांच्या ओठांवर ते राहिले. दोन्ही दुःखे एकत्र आठवल्याशिवाय त्याचे वाचन पुरे होत नाही.