पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग नव्हे

इंग्रजी व्याकरणातील संज्ञा मराठी प्रतिशब्दांच्या आधारे शिकण्याची पद्धत जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्यासमोर होती. शब्दांच्या आठ जाती दोन्ही भाषांत बऱ्याच अंशी जुळतात. मात्र सर्वच संज्ञा अशा जुळत नाहीत आणि परीक्षेत गुण जातात ते नेमके तेथेच.

‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग होय. आंब्याऐवजी चिंच आली की ‘खाल्ली’ होते. क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते. म्हणून अनेक विद्यार्थी या वाक्याचे इंग्रजी रूपांतर पॅसिव्ह व्हॉइसमध्ये करतात. ते चुकीचे आहे. ‘राम एट अ मँगो’ हे सरळ ॲक्टिव्ह व्हॉइसचे वाक्य हाच त्याचा योग्य अनुवाद. मराठीतील प्रयोग क्रियापद कोणाशी जुळते हे सांगतो. इंग्रजीतील व्हॉइस वाक्याच्या कर्तृपदी कोणास बसविले आहे हे सांगतो. ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ याच्या जवळ जाणारे मराठी वाक्य ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असे होईल. ते कानाला कृत्रिम वाटते, आणि वाटावेच. मराठी माणूस तसे सहसा बोलत नाही.

काळाच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. ‘तो कालच आला आहे’ हे मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र ‘यस्टर्डे’ असा निश्चित भूतकाळ दर्शविणारा शब्द आल्यास प्रेझेंट परफेक्ट चालत नाही; तेथे ‘ही केम’ असा साधा भूतकाळच हवा.

साहित्यविषयक संज्ञांपैकी सिमिली म्हणजे उपमा, हे समीकरण सुरक्षित आहे. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ हे शब्द तिची खूण. मेटॅफर आणि रूपक यांत थोडे अंतर आहे. ‘तो सैनिक सिंहच होता’ हे दोन्हीकडे बसते. परंतु सैनिकाचा उल्लेखही न करता ‘सिंह रणात उतरला’ असे म्हटले, तर इंग्रजीत ते मेटॅफरच राहते. संस्कृत परंपरेत मात्र उपमेय लोपल्यामुळे ती अतिशयोक्ती ठरते. हायपरबलीसाठीही अतिशयोक्ती हाच प्रतिशब्द रूढ असल्याने गोंधळात भर पडते.