खडकीचा एकमुखी झोत

उघड्या दिव्याचा उजेड चारी भिंतींवर सारखा पसरतो. मागें आरसा धरला, कीं तोच उजेड अंगणापलीकडच्या वाटेवर पडतो. तेल तेवढेंच, ज्योत तीच. बदलली ती दिशा. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासांत या साध्या न्यायानें मोठें स्थित्यंतर घडविलें, आणि त्याचें एक ठाणें पुण्याच्या वेशीवर, खडकीस उभें राहिलें.

विद्युल्लहरी आरशानें वळवितां येतात, हें हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८८८ सालीं जस्ताच्या पत्र्यांनीं दाखविलें होतें. तरीहि पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याचीं दूरदूरचीं अंगें बिनतारी यंत्रांनीं जोडण्याची योजना निघाली, तेव्हां भिस्त होती ती लांब लहरींवर आणि अवाढव्य शक्तीच्या केंद्रांवर. मार्कोनी व त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनीं निराळी वाट धरली. उंच मनोऱ्यांच्या ओळीवर तारांचे दोन पडदे टांगावयाचे. पुढचा लहरी सोडी, मागचा त्यांना पुढें लोटी. लहरी आखूड, शक्ति अल्प, पण सारा जोर एकाच दिशेस. १९२४ सालीं ब्रिटिश सरकारनें या पद्धतीस मान्यता दिली, आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांच्या पाठोपाठ सप्टेंबर १९२७ मध्यें हिंदुस्थानचा मार्ग सुरू झाला. खडकीहून सुटलेला संदेश इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्केगनेसजवळ उतरे. ग्रिम्झबीजवळून निघालेला दौंडास झेलला जाई. पाठविणें एकीकडे व ऐकणें दुसरीकडे कां, तर गर्जना करणाऱ्या यंत्राशेजारीं सहस्र कोसांवरची कुजबूज ऐकूं येणें कठीण.

परंतु या काटकसरीची किंमत श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावी. ज्या दिशेस तोंड, तिच्यापुरतेंच बोलणें. बाकीच्या दिशांस तें ठाणें मुकें व बहिरें. आणि मनोऱ्यांची ओळ एकदां रोवली, कीं तोंड फिरविणें सोपें नव्हे. खडकी-दौंडचें तोंड इंग्लंडकडे होतें, हा भूगोलाचा योग नव्हता. तो राज्यकर्त्यांचा निर्णय होता. १ जानेवारी १९४७ रोजीं हा कारभार सरकारनें आपल्या हातीं घेतला. पुढें कोणाकडे तोंड करून बोलावें, हें ठरविण्याचें साधन त्यायोगें स्वतंत्र देशाला लाभलें.

त्याच पुणें जिल्ह्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या रेडिओ दुर्बिणींत हाच न्याय फिरता झाला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, कांहीं जवळजवळ तर कांहीं सुमारें २५ किलोमीटरांपर्यंत पांगलेल्या, आकाशाच्या एकाच बिंदूकडे वळतात. त्यांचें ऐकणें मग एकत्र गुंफलें जातें.

आज शेतांत वा पुलांवर बसविलेल्या चिमुकल्या बिनतारी संवेदकांपुढें तोच जुना प्रश्न उभा आहे. बॅटरी इवलीशी, म्हणून चहूंकडे बोलणें परवडत नाहीं. एकाच दिशेस बोलावें, तर शेजारी त्या क्षणीं दुसरीकडे वळलेला असूं शकतो. म्हणून त्यांच्या जाळ्यांत कोणीं कोणाकडे केव्हां वळावें, याचा करार आधीं व्हावा लागतो. खडकीच्या मनोऱ्यांना हा प्रश्न पडला नाहीं. त्यांचा शेजारी दुसऱ्यानें आधींच ठरवून दिला होता.